मस्टँगच्या जोडीला दुसरी स्पोर्ट्स कार: गोव्याचा पाऊस, घाट आणि फेरीबोट लक्षात घेता कोणती निवडावी?

मांडवीतीर (पणजी)

सर्व सभासदांना नमस्कार.

माझ्याकडे २०१७ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. पहिल्या मालकाकडून ती घेतल्याला आता पाच वर्षे होतील, आणि या काळात ती विकण्याचा विचार एकदाही मनात आलेला नाही. पाच लिटरचे, आठ सिलिंडरचे ते इंजिन सकाळी थंड असताना सुरू होते तेव्हा पोर्चमधील खिडकीच्या काचा बारीक थरथरतात, आणि एरवी गाड्यांकडे ढुंकूनही न पाहणारे माझे वडील हातातले वर्तमानपत्र क्षणभर बाजूला ठेवतात. त्यामुळे मस्टँगच्या बदल्यात काय घ्यावे, असा हा धागा नाही. ती घरात राहणारच आहे; तिच्या जोडीला काय असावे, एवढाच प्रश्न आहे.

दोन गोष्टी मला खुपतात. पहिली अशी की २०१६ साली मस्टँग भारतात आली ती केवळ सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये. ४०१ पीएस (अश्वशक्ती) ताकद हाताशी असूनही डाव्या पायाला काहीच काम नाही, आणि मी तर क्लच-गिअरवरच गाडी शिकलेला माणूस आहे. दुसरी गोष्ट गोव्याच्या भूगोलाची आहे. आमचे मूळ घर दिवाडीला आहे आणि तेथे जायचे म्हणजे जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट धरायची. भरतीच्या वेळी फारशी अडचण येत नाही. परंतु ओहोटीला बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यात असा कोन तयार होतो की जमिनीपासून १३७ मिलिमीटर उंचीची ही लांब नाकाची गाडी पुढच्या ओठावर घासतेच. तो आवाज दोनदा ऐकल्यानंतर मी मस्टँग घेऊन दिवाडीला जाणे सोडून दिले.

बजेट चाळीस ते पन्नास लाखांचे आहे, म्हणजे वापरलेलीच गाडी घ्यावी लागेल. डोळ्यांसमोर पोर्शची ९८१ मालिकेतील केमन किंवा बॉक्सटर, निसानची ३७०झेड आणि बीएमडब्ल्यूची जुनी झेड४ आहे. ज्यांच्या घरी अशा दोन गाड्या आहेत त्यांनी दुसरी कशी निवडली, हे सविस्तर वाचायला आवडेल.

चोर्लाघाट (साखळी)

आपल्या यादीतील प्रत्येक गाडी चांगली आहे, आणि म्हणूनच त्या यादीवरून निर्णय होणार नाही असे मला वाटते. दुसरी गाडी निवडताना आपण बहुधा पहिलीपेक्षा चढती गाडी शोधू लागतो. तशी ती मिळाली तर पहिली कापडाखाली झाकलेली राहते, आणि नाही मिळाली तर दुसऱ्या गाडीवर आपले मन बसत नाही. माझ्या घरी हे घडलेले आहे. एक उत्तम गाडी दीड वर्ष उभी राहून शेवटी पडेल त्या किमतीला गेली.

एक सुचवतो. पुढचे तीस दिवस साधी वही ठेवावी. मस्टँग कोणत्या दिवशी बाहेर काढली हे लिहूच नये. कोणत्या दिवशी काढली नाही आणि का काढली नाही, तेवढेच लिहावे.

उघडे_छत (मडगाव)

मी ९८१ बॉक्सटर गेली चार वर्षे चालवत आहे, तेव्हा अनुभवाने लिहितो.

मस्टँगचे वजन पुढच्या बाजूला आहे आणि वळणावर ते आपल्याला सांभाळून न्यावे लागते. बॉक्सटर आणि केमनमध्ये इंजिन आसनांच्या मागे, पण मागच्या आसाच्या पुढे असते. सगळे जड सामान गाडीच्या मध्यभागी गोळा झाल्यामुळे स्टीअरिंग वळवताच गाडी कमरेतून वळल्यासारखी वळते. आधी नाक आणि मग शेपूट असे दोन टप्पे जाणवत नाहीत. माझ्या गाडीत २.७ लिटरचे सपाट (म्हणजे समोरासमोर आडवे बसवलेल्या) सहा सिलिंडरचे, टर्बो नसलेले, २६५ पीएसचे इंजिन आहे. पुढे याच गाड्यांची ७१८ मालिका आली तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांत चार सिलिंडरचे टर्बो इंजिन बसवले गेले. ते अधिक ताकदवान असले तरी आवाजाच्या बाबतीत मला ९८१ च अधिक जवळची वाटते. आता पेट्रोलवरील ७१८ चे उत्पादनही थांबले असल्याने ज्यांना असे काही हवे आहे त्यांनी फार काळ थांबू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत पहाटे छत उघडून असोळणे, बेतूल, काब द राम, खोला, आगोंद या वाटेने काणकोणपर्यंत जाणे म्हणजे काय, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. बेतूलच्या पुलावर खाऱ्या पाण्याचा वास येतो आणि पुढे चढणीला लागताच काजूच्या बागांतला गारवा अंगावर येतो. बंद गाडीत हे दोन्ही मिळत नाहीत. मस्टँगचे छत बंद आहे. जोडी लावायची तर उघड्या छताचीच लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळजी मात्र घ्यावी लागते. कापडी छताच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जाण्यासाठी नळ्या असतात. माझी गाडी अंगणात चाफ्याखाली उभी असायची. एका आगोटीला पहिलाच मोठा पाऊस झाल्यावर आतून कुबट वास येऊ लागला म्हणून कोपऱ्यात बोट घालून पाहिले, तर चाफ्याची सडलेली पाने आणि लाल माती यांचा घट्ट बोळा नळीच्या तोंडाशी बसलेला होता. थोडक्यात निभावले. जुन्या पिढीच्या बॉक्सटरमध्ये आसनाखालीच इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असे आणि ते भिजले की गाडी सुरू होत नसे. तेव्हापासून मे महिन्याच्या शेवटी या नळ्या साफ करणे हे आमच्या घरी कौले शाकारण्याइतकेच ठरलेले काम झाले आहे.

दहाचा_पाना (फोंडा)

माझे स्वतःचे गॅरेज आहे. वरील सर्व प्रतिसाद वाचले, पण एका गोष्टीवर कोणीच बोललेले नाही: जून ते सप्टेंबर ही दुसरी गाडी काय करणार आहे?

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा या चार महिन्यांत पडतो. किनाऱ्यालगतच्या हवेत मीठ असते. उभ्या गाडीला याचा त्रास चालत्या गाडीपेक्षा जास्त होतो, हे मी दर ऑक्टोबरात पाहतो. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो आणि पॅड त्याला चिकटून बसतात. बॅटरी उतरते. एकाच जागी भार घेऊन टायर चपटे पडतात आणि पहिले काही किलोमीटर स्टीअरिंग हादरत राहते. उंदीर वायरिंगचे वरचे आवरण कुरतडतात. त्यावर इलाज म्हणून बॉनेट उघडे ठेवण्यापासून तंबाखूच्या पुड्या ठेवण्यापर्यंत सारे काही लोकांनी करून पाहिलेले आहे, पण गाडी आठवड्यातून एकदा खरोखर चालवण्याइतका उपयोग कशाचाच होत नाही. पेट्रोलचीही वेगळी काळजी आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. २०१५ ते २०१७ च्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. अर्धी टाकी भरून गाडी चार महिने उभी ठेवणे म्हणजे रबरी होज आणि इंधन पंप यांची परीक्षा पाहणे होय.

मस्टँग पावसात आपण काढत नसाल, आणि दुसरीही पावसात न काढण्याजोगी घेतलीत, तर घरात दोन झोपलेल्या गाड्या होतील. माझ्या मते दुसरी गाडी अशी हवी की जी भर जुलैतही निश्चिंतपणे बाहेर नेता येईल.

रेल्वेफाटक (बेळगाव)

३७०झेडबद्दल थोडेसे. मित्राची मॅन्युअल गाडी बऱ्याच वेळा चालवली आहे. गिअर उतरवताना इंजिनचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) आपोआप जुळवून देणारी सोय तिच्यात आहे आणि ती फार सुरेख काम करते. परंतु पुढे मोठे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, लांब नाक, दोन दारे: हा सगळा स्वभाव आपल्याकडे आधीच आहे. शिवाय तिच्या सुट्या भागांसाठी किती थांबावे लागेल याचा भरवसा नाही. मस्टँग नसती तर हीच घ्या असे म्हटले असते.

मांडवीतीर (पणजी)

वही ठेवली. तीस दिवस पूर्ण झाले.

सात दिवस मस्टँग बाहेर काढली. उरलेल्या तेवीस दिवसांचा हिशेब असा: आठ दिवस दिवाडीला किंवा आतल्या गावांत जायचे होते, सहा दिवस पाऊस होता, पाच दिवस पणजीत गाडी लावायला जागा मिळणार नाही म्हणून काढली नाही, आणि चार दिवस काम इतके जवळचे होते की इंजिन गरम होण्याआधीच पोहोचलो असतो.

मला धक्का दिला तो आठ या आकड्याने. दिवाडीच्या बेटावरचा रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वळणापलीकडे खाजन शेते, आणि समोरून एखादी गाडी आली की कुणीतरी मागे घेतल्याशिवाय सुटका नाही. असे रस्ते मला मनापासून आवडतात, आणि त्या आठही दिवशी मी घरातली साधी ऑटोमॅटिक हॅचबॅक घेऊन गेलो, रस्त्याकडे लक्षही न देता. मस्टँगची रुंदी १,९१६ मिलिमीटर आहे. तेथे ती चालवणे म्हणजे सतत आरशांकडे पाहत राहणे.

केमन पाहायलाही जाऊन आलो. एका दूरच्या मोठ्या शहरातील विक्रेत्याकडे गाडी होती. फोटो उत्तम, रंग चकचकीत, किलोमीटर कमी. दहाचा_पाना यांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढला. पट्ट्याच्या अगदी आतल्या, एरवी गुंडाळलेल्या भागावर चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ होती आणि तिच्या खाली बारीक वाळू. आसनाच्या रुळावरचे बोल्ट गंजलेले होते. गाडी केव्हातरी पाण्यात बुडालेली होती. विचारले तेव्हा विक्रेत्याने ती रेघ घामाची असल्याचे सांगितले. मी तेथून निघालो. प्रवासाचा खर्च आणि दोन दिवस गेले, पण त्याहून मोठे नुकसान टळले.

चोर्लाघाट (साखळी)

वहीने प्रश्न बदलला असेल, तर आता मनात असलेले नाव सांगतो. फियाटची अबार्थ पुंटो.

आपल्या बजेटच्या मानाने हे नाव फार लहान वाटेल याची मला कल्पना आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात ती आली तेव्हा तिची किंमत दहा लाखांच्या आत होती. पण तिच्यात काय आहे ते पाहावे. १.४ लिटरचे टी-जेट टर्बो इंजिन, १४५ पीएस, पाच गिअरचे मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हायड्रॉलिक स्टीअरिंग. आजच्या बहुतेक गाड्यांत, मस्टँग आणि ९८१ धरून, स्टीअरिंगला इलेक्ट्रिक मोटरची मदत असते आणि रस्त्याची बारीक खरखर हातापर्यंत पोहोचण्याआधीच गाळली जाते. पुंटोत ती तळहाताला कळते. पुढच्या चाकाखाली ओले डांबर आहे की वाळूचा थर, हे डोळ्यांआधी हातांना समजते. चोर्ल्याच्या उतारावर धुके असताना याची किंमत कळते.

रुंदी १,६८७ मिलिमीटर. मस्टँगपेक्षा बरोबर एक वीत कमी. जमिनीपासून उंची १५५ मिलिमीटर.

दोन_आसने (वास्को)

क्षमा असावी, परंतु धाग्याचे शीर्षक स्पोर्ट्स कार असे आहे. पुंटो ही पाच दारांची, पुढच्या चाकांना ताकद देणारी कौटुंबिक गाडी आहे; तिला जोरकस इंजिन बसवल्याने ती स्पोर्ट्स कार होत नाही. दोन आसने, कमी उंची, कमी वजन आणि मागच्या चाकांना ताकद ही या शब्दाची व्याख्या आहे. माझदा एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही, हे आपले दुर्दैव. आपल्याकडे सॅन स्टॉर्मसारखा फायबरच्या बॉडीचा आणि १.२ लिटरच्या रेनो इंजिनचा प्रयत्न झाला, तो लोकांनी मनावर घेतला असता तर आज हा प्रश्नच पडला नसता.

मॅन्युअलच हवी असेल तर बजेट वाढवून बीएमडब्ल्यूची एम२ पाहावी, किंवा २०२५ मध्ये सहा गिअरच्या मॅन्युअलसह आलेली झेड४ एम४०आय. या दोन्ही खऱ्या अर्थाने त्या जातीच्या गाड्या आहेत.

दहाचा_पाना (फोंडा)

व्याख्येबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. पण एम२ सुमारे १,७०० किलोची आणि मस्टँगपेक्षाही ताकदवान गाडी आहे. मांडवीतीर यांच्या आठ दिवसांना तिचा काय उपयोग? झेड४ तर दिवाडीच्या धक्क्यावर मस्टँगसारखीच अडेल.

पुंटोबद्दल गॅरेजवाला म्हणून सांगतो. टी-जेटला टायमिंग बेल्ट असतो, साखळी नव्हे, आणि तो किलोमीटरइतकाच वयानेही संपतो. मागच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे आणि वॉटर पंप, टेन्शनर यांसह सगळे एकदम करून घ्यावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांहून जुना टायर ओल्या घाटात नेऊ नये. क्लच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाब देऊन तपासावा; आरपीएम चढले आणि वेग चढला नाही, तर प्लेट संपली आहे. फियाटने भारतातून अंग काढून घेतल्याला काही वर्षे झाली. सुटे भाग मिळतात, पण शोधावे लागतात आणि वाट पाहावी लागते. म्हणून उरलेल्या पैशांतून बेल्टचा एक जादा संच, क्लच प्लेट आणि होज आधीच आणून घरी ठेवावेत.

उघडे_छत (मडगाव)

दहाचा_पाना यांचे पावसाबद्दलचे म्हणणे पटते. तरीही इतक्या बजेटमध्ये पुंटोवर थांबणे मला मनापासून पटत नाही. आयुष्यात एकदा मधल्या इंजिनची गाडी स्वतःची असावी. मांडवीतीर यांनी निर्णयाआधी मडगावला येऊन माझी बॉक्सटर दिवसभर चालवावी, हे आमंत्रण मनापासून देत आहे.

मांडवीतीर (पणजी)

उघडे_छत यांचे आमंत्रण स्वीकारले होते. बॉक्सटर चालवली. त्यांनी लिहिले आहे त्यात एका अक्षराची अतिशयोक्ती नाही. इतकी नेमकी वळणारी गाडी मी आजवर चालवली नव्हती. पण काब द रामच्या चढणीवरच माझ्या ध्यानात आले की तिला खऱ्या अर्थाने जाग येते तेव्हा आपण कायद्याच्या मर्यादेच्या फार पुढे गेलेलो असतो, आणि मस्टँगबद्दलही माझी हीच अडचण आहे.

त्यानंतरच्या रविवारी बेळगावला जाऊन केए-२२ पासिंगची अबार्थ पुंटो पाहिली. मालकाने स्वतःहून जांबोटी, कणकुंबी ओलांडून चोर्ल्यापर्यंत नेऊ दिली. पाऊस संततधार होता आणि घाटात धुके इतके दाट की समोरच्या गाडीचे दिवे शेवटच्या क्षणी दिसत. वेग चाळीस ते पन्नासच्या वर एकदाही गेला नाही. दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिन आळशी आहे. टर्बोला जाग येईपर्यंत गाडी ओढत नाही, म्हणून वळणाआधीच दुसरा गिअर टाकून ठेवावा लागतो. पहिल्या तीन वळणांवर मी चुकलो. चौथ्या वळणावर डावा पाय, उजवा पाय आणि हात यांचा मेळ बसला, गाडी तोंड न उचलता बाहेर पडली, आणि बऱ्याच वर्षांनी मला आपण गाडी चालवत आहोत असे वाटले. खराब डांबरावर ती उडत नाही, खड्डा गिळून पुढे जाते. मस्टँग याच रस्त्यावर, याच वेगात, अर्धवट झोपेत असते.

दोन_आसने यांच्या व्याख्येत ती बसत नाही हे मला मान्य आहे. मी ती घेतली आहे.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, स्वच्छ होता. टायमिंग बेल्टचे बिल नव्हते, त्यामुळे दहाचा_पाना यांच्या गॅरेजमध्ये तो बदलून होईल. टायर आठ वर्षांचे होते, चारही नवीन घेत आहे. बेळगावच्या आरटीओकडून एनओसीसाठी फॉर्म २८ भरला आहे. ती हाती आली की गोव्याचा उरलेल्या वर्षांचा कर भरून येथील पासिंग होईल. उरलेले पैसे मी वेगळे ठेवले आहेत. त्यातला काही भाग मस्टँगच्या सस्पेंशनसाठी जाईल, कारण दोन गाड्यांपैकी जिच्याकडे इतके दिवस दुर्लक्ष झाले ती तीच आहे.

रेल्वेफाटक (बेळगाव)

हार्दिक अभिनंदन. सुट्या भागांसाठी बेळगावात काही मदत लागली तर अवश्य कळवावे. वर्षातून एकदा कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर न्यायचा विचार करावा, २.१ किलोमीटरचा तो आखूड, वळणांचा ट्रॅक अशा हलक्या गाडीला फार जुळतो, आणि वेगाची हौस रस्त्यावर भागवण्याची गरज उरत नाही.

उघडे_छत (मडगाव)

अभिनंदन. मत बदललेले नाही, पण आपला निर्णय समजतो. नोव्हेंबरात एका पहाटे दोन्ही गाड्या बेतूलला घेऊन येऊ.

मांडवीतीर (पणजी)

नक्की येऊ. चवथीच्या आदल्या दिवशी पुंटोने पहिल्यांदा फेरीबोट पाहिली. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचे, सामान मागच्या आसनावर, पुढे वडील, आणि धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. बोटीवरच्या माणसाने मस्टँगला करायचा तसाच सावकाश, सावकाश असा हात केला. मी पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा धरून फळीवर चढवली आणि कान देऊन ऐकत राहिलो. कुठेही घासली नाही. पलीकडे उतरल्यावर वडिलांनी विचारले, येताना मी चालवू का.